जीएसी पोर्टल: ऑनलाइन छळ असो वा काढलेली पोस्ट, दाद मागायची एकच खिडकी

कुणी तुमच्या नावाने खोटं खातं काढलं, तुमचा फोटो मॉर्फ करून फिरवला, जातीवरून शिव्या घातल्या. तुम्ही रिपोर्ट केलं आणि प्लॅटफॉर्मने "आमच्या नियमांचा भंग आढळला नाही" असं एका ओळीत कळवलं. पुढे काय? आता उलट बाजू. तुम्ही लिहिलेली टीकेची पोस्ट एका सकाळी गायब झाली, किंवा खातंच बंद पडलं, आणि कारण कुणी सांगत नाही. मग काय?

या दोन्ही माणसांना भारतात कोर्टाची पायरी न चढता जाता येईल असं एकच ठिकाण आहे: केंद्र सरकारची तक्रार अपील समिती, म्हणजे जीएसी. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 मध्ये 28 ऑक्टोबर 2022 ला दुरुस्ती झाली, 27 जानेवारी 2023 ला तीन समित्या नेमल्या गेल्या आणि 1 मार्च 2023 पासून पोर्टल चालू झालं. सगळं काम ऑनलाइन चालतं. वकील लागत नाही, दिल्लीला जावं लागत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. खोटं खातं, मॉर्फ केलेले किंवा खासगी फोटो, बंद पाडलेलं खातं अशा कामांसाठी ही सेवा जरूर वापरावी. जातीधर्माच्या द्वेषाच्या तक्रारीत अर्ज अतिशय काटेकोर लागतो. सरकारवर टीका केली म्हणून गेलेल्या पोस्टसाठी मात्र या दारावर फार विसंबू नये. त्याची कारणं समितीच्या रचनेत आहेत, ती पुढे येतील.

रिपोर्टचं बटण म्हणजे तक्रार नव्हे

बरीच अपिलं फसतात ती इथे. पोस्टच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून केलेलं रिपोर्ट प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या नियमांखाली जातं आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा यंत्राकडून येतं. समितीकडे अपील होतं ते तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या निर्णयावर. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर ठळक छापणं प्रत्येक प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत भारतीय वापरकर्ते असलेल्या मोठ्या प्लॅटफॉर्मचा हा अधिकारी भारतातच राहणारा हवा. त्याचा फॉर्म मदत विभागात, बऱ्याचदा "कायदेशीर" किंवा "भारत" अशा मथळ्याखाली खोल दडलेला असतो. तो शोधून तिथेच तक्रार करायची.

तक्रार पोचल्याची पोच 24 तासांत मिळायला हवी, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मने प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यायला हवा. हा क्रमांक जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. निकालाची मुदत मूळ नियमात 15 दिवस होती. 2022 च्या दुरुस्तीने मजकूर काढण्याच्या बऱ्याच तक्रारींसाठी ती 72 तासांवर आणली. फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने या मुदती पुन्हा कमी केल्या, 15 दिवसांचे 7 झाले. अर्ज करताना नियमाची ताजी प्रत उघडून चालू आकडा लिहा. जुना आकडा लिहिला की समोरच्याला पळवाट मिळते.

मुदतीत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर समितीकडे जाता येतं. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत. अनेक जण या 30 दिवसांत त्याच अधिकाऱ्याला "कृपया पुन्हा विचार करावा" अशा मेल पाठवत बसतात आणि मुदत हातची जाते. दुसऱ्या मेलला उत्तर यायची वाट बघू नका.

अर्ज करण्याआधी पुरावा

नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पोस्टची स्वतःची लिंक हवी, प्रोफाइलची नव्हे. कमेंटची तक्रार असेल तर कमेंटखाली दिसणाऱ्या वेळेवर टिचकी मारली की बहुतेक ठिकाणी त्या कमेंटची वेगळी लिंक मिळते. ती दिली नाही तर तपासणारा मूळ पोस्ट बघतो, त्यात त्याला काही वावगं दिसत नाही आणि तक्रार निकालात निघते. खात्याचं नाव बदलून पसार होणं सोपं आहे. एक्सवर पोस्टच्या लिंकमधला लांबलचक आकडा आणि फेसबुकवर खात्याचा अंकी आयडी मात्र नाव बदललं तरी तसाच राहतो. म्हणून नाव आणि आकडा दोन्ही टिपून ठेवा. इन्स्टाग्रामची स्टोरी 24 तासांत जाते, तेव्हा ती दिसल्या दिसल्या तारीख, वेळ आणि खात्याचं नाव एकत्र दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट वेगळी. चॅट कूटबद्ध असल्याने कंपनीला आतला मजकूर दिसत नाही. तुम्ही रिपोर्ट केल्यावरच त्या व्यक्तीचे किंवा गटातले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात, आणि समोरच्याला ते कळत नाही. धमकीचा संदेश वर राहिला आणि त्याखाली बारा "गुड मॉर्निंग" पडले असतील तर रिपोर्टमध्ये गुड मॉर्निंगच जातील. वेळ दवडू नका. रिपोर्ट करण्याआधी चॅट एक्सपोर्ट करा, कारण रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि चॅट पुसण्याचा पर्यायही समोर येतो आणि घाईत तो दाबला जातो.

प्रकरण पुढे कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन सांभाळा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा अंकी ठसा, त्यात लिहावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबला जाऊन त्याचं हॅश बदलतं. म्हणून वकिलाला फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्या.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. लहान मुलांचा लैंगिक मजकूर दिसला तर "पुरावा" म्हणून तो उतरवून घेऊ नका, कुणाला पुढे पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी खाली तो साठवणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीतला कायदा आणखी कडकपणे वाचला आहे. फक्त लिंक टिपायची आणि केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर लगेच कळवायचं. तिथे अशी तक्रार नाव न देताही करता येते.

कुठल्या कलमाखाली, हे ठरवण्यात अर्धं काम

माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या नियम 3(1)(बी) मध्ये नको असलेल्या मजकुराची यादी आहे. तक्रारीत त्यातलं नेमकं उपकलम लिहिलं तर अधिकाऱ्याला टाळाटाळ करणं अवघड जातं. लोकांचा पहिला शब्द असतो "बदनामी". हा शब्द 2022 च्या दुरुस्तीत या यादीतून काढून टाकला आहे. त्यामुळे नुसत्या बदनामीवर केलेली तक्रार परत येते, आणि ते योग्यच आहे असं आम्हाला वाटतं. एखाद्याचं वाक्य खोटं आहे की बोचरं पण खरं, हे कंपनीच्या अधिकाऱ्याने इतक्या कमी मुदतीत ठरवू नये. ते मॅजिस्ट्रेटचं काम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली खासगी तक्रार करता येते. पोलीस ठाण्यात थेट गुन्हा नोंदवून घ्या म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नाही, तो अदखलपात्र आहे.

फरक दाखवण्यासाठी दोन मसुदे शेजारी ठेवतो. समजा एका महिला सरपंचाच्या नावाने कुणी बनावट खातं चालवतो आहे. सहसा तक्रार अशी जाते:

"सदर इसम माझी प्रचंड बदनामी करत असून माझ्या पदाची प्रतिष्ठा धुळीस मिळवत आहे. तरी त्याच्यावर कठोरात कठोर कारवाई करून त्याचे अकाउंट कायमचे बंद करावे ही विनंती."

यात लिंक नाही, खातं कोणतं ते नाही, उपकलम नाही, आणि मागणी शिक्षेची आहे. आता हे वाचा:

"सोबत दिलेल्या लिंकवरील खाते माझे नाही. त्यावर माझे नाव, माझे पद आणि माझ्या खऱ्या खात्यावरून घेतलेला फोटो वापरला आहे. माझ्या खऱ्या खात्याची लिंक दुसरी दिली आहे. ही तोतयेगिरी आहे, नियम 3(1)(बी) चे सहावे उपकलम. नियम 3(2)(बी) मधील कमी मुदत लागू होते. मागणी: हे खाते काढावे. ओळखपत्राची प्रत जोडली आहे."

दुसऱ्या मसुद्यातली शेवटून तिसरी ओळ फार थोड्यांना माहीत असते. खासगी अवयव दिसणारे, पूर्ण किंवा अर्धवट नग्न, लैंगिक कृती दाखवणारे फोटो आणि इलेक्ट्रॉनिक तोतयेगिरी, ज्यात मॉर्फ केलेले फोटोही येतात, यांच्यासाठी वेगळी आणि बरीच कमी मुदत आहे. 2021 मध्ये ती 24 तास होती, 2026 मध्ये आणखी कमी झाली. ही तक्रार स्वतः त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी केली तरी चालते. आईच्या वतीने मुलगी करू शकते, शिक्षिकेच्या वतीने सहकारी करू शकतो. "तिच्या वतीने" हे शब्द मात्र अर्जात स्पष्ट लिहा.

जातीवरून होणाऱ्या शिवीगाळीत नियम तोकडा पडतो. दुसऱ्या उपकलमात अश्लीलता, खासगीपणाचा भंग, लिंगावरून अपमान किंवा छळ, वंशावरून आक्षेपार्ह मजकूर असं बरंच काही आहे. जात आणि धर्म येतात ते एकाच जागी: हिंसा भडकवण्याच्या हेतूने गटागटांत वैर वाढवणं. म्हणजे एका माणसाला जातीवाचक शिवी दिली, पण हिंसेची चिथावणी नाही, तर हे उपकलम नीट बसत नाही. तेव्हा अकरावं उपकलम घ्यावं लागतं, "कोणत्याही कायद्याचा भंग", आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चं कलम 3(1) सोबत लिहावं लागतं. अडचण अशी की 2022 मधली 72 तासांची मुदत अकराव्या उपकलमाला लागू केली नव्हती. सर्वात जास्त घाई जिथे हवी तिथेच मुदत लांब. हा आमच्या मते नियमातला मोठा दोष आहे.

यावर एक उपाय आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्स यांच्या स्वतःच्या द्वेषविरोधी नियमांत जात हा शब्द स्पष्ट आहे. म्हणून अर्जात दोन परिच्छेद करा: एकात भारतीय नियम, दुसऱ्यात त्या प्लॅटफॉर्मचा स्वतःचा नियम. दुसरा परिच्छेद बऱ्याचदा आधी काम करतो.

मराठी मजकुराचं काय

तपासणाऱ्याला मराठी येतं असं गृहीत धरू नका. आणि येत असलं तरी वऱ्हाडीत सहज जाणारा शब्द कोकणात शिवी असतो, किंवा उलट. प्रत्येक आक्षेपार्ह ओळीखाली तीन गोष्टी द्या: ओळ जशीच्या तशी, शब्दशः अर्थ, आणि तो शब्द तिथे कुणाला का लागतो हे एका वाक्यात. रोमन लिपीतल्या मराठीसाठी ती ओळ देवनागरीतही लिहून द्या. शिवीच्या मधोमध टिंब किंवा चांदणी टाकून यंत्राला चुकवलेलं असेल तर तेही सांगा, कारण मुद्दाम चुकवलं आहे हे हेतूकडे बोट दाखवतं.

यंत्राची चूक दुसऱ्या दिशेनेही होते आणि ती जास्त दुखते. एखादी कार्यकर्ती स्वतःला आलेली जातीवाचक शिवी उद्धृत करून तिचा निषेध करते. शिवी ओळखणारं यंत्र निषेध ओळखत नाही, आणि काढली जाते तिचीच पोस्ट. शिवी देणारा राहतो, दाखवणारी जाते. अशा अपिलात पहिल्याच ओळीत लिहा: "हा मजकूर माझा नाही, मला आलेला आहे, मी तो निषेधासाठी उद्धृत केला आहे." मग मूळ कमेंटचा पुरावा जोडा. तपासणारा पहिल्या दोन ओळींत निर्णय करतो असं धरूनच अर्ज लिहावा.

तुमची पोस्ट गेली असेल तर

या बाजूने अपील करणाऱ्यांच्या हातात दोन चांगली कलमं आहेत, पण ती वापरली फार कमी जातात. पहिलं नियम 4(8): मोठ्या प्लॅटफॉर्मने 3(1)(बी) खाली स्वतःहून मजकूर काढला किंवा बंद केला, तर त्याआधी लिहिणाऱ्याला कारणांसह कळवायचं आणि आक्षेप घ्यायची पुरेशी संधी द्यायची. "कम्युनिटी स्टँडर्ड्सचा भंग" एवढंच लिहिणं म्हणजे कारण देणं नव्हे. कुठली ओळ, कुठला नियम, हे मागा. दुसरं 2022 ला आलेलं बंधन: प्लॅटफॉर्मने घटनेच्या कलम 14, 19 आणि 21 खालच्या हक्कांचा आदर करायचा. खासगी कंपनीवर असं बंधन नियमात लिहिलं जाणं ही मोठी गोष्ट आहे. अपिलात हे दोन्ही मुद्दे वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडा, एकत्र कालवू नका.

मजकूर द्वेषाचा आहे असा आरोप असेल तर मोजमाप कोणतं लावायचं, याचं उत्तर नागपूरने फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. 1940 च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी सांगितलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसांवर काय होईल ते पाहायचं. कमकुवत, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधात धोका हुंगणाऱ्यांच्या नजरेने नव्हे. ही कसोटी आजही चालते. मार्च 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसमुळे नोंदलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. कलम 370 हटवल्याचा निषेध त्या स्टेटसमध्ये होता, आणि तो करण्याचा हक्क नागरिकाला आहे असं न्यायालयाने म्हटलं. अपिलात हा दाखला दोन ओळींत द्यावा. पानभर निकाल चिकटवून उपयोग नाही.

ही कसोटी तक्रार करणाऱ्यानेही स्वतःला लावून पाहावी. मजकूर चीड आणणारा आहे की कुणाला धोक्यात टाकणारा? धर्मावर, जातीव्यवस्थेवर, महापुरुषांबद्दलच्या इतिहासावर कडवट लिहिणं पहिल्या प्रकारात येतं. नाव-पत्ता देऊन "याला धडा शिकवा" म्हणणं दुसऱ्यात. पहिल्या प्रकारासाठी समितीचा वापर करू नये असं आमचं ठाम मत आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला बंदबद्दलच्या एका साध्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातूनच पुढे याचिका उभी राहिली आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ए रद्द केलं. "त्रासदायक" इतक्या सैल शब्दावर माणसाला कोठडी मिळू शकते हे महाराष्ट्राने बघितलेलं आहे.

पोर्टलवर काय काय भरायचं

मोबाइल किंवा ईमेलने नोंदणी होते. मग प्लॅटफॉर्म, तक्रार क्रमांक, मूळ तक्रारीची प्रत, अधिकाऱ्याचं उत्तर किंवा उत्तर न आल्याचा पुरावा, आणि तुमची मागणी. मागणी एकाच वाक्यात असावी: ही लिंक काढा, किंवा ही पोस्ट परत लावा, किंवा हे खातं उघडा. एका अपिलात वीस लिंका घातल्या तर एक-दोन कमकुवत लिंकांमुळे सगळंच ढिलं पडतं. सर्वात भक्कम चार-पाच घ्या आणि बाकीच्यांचं वेगळं अपील करा. मूळ तक्रारीत नसलेला नवा मुद्दा अपिलात आणू नका. त्यावर अधिकाऱ्याचा निर्णयच झालेला नसतो.

समितीने 30 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं नियम सांगतो. "प्रयत्न" हा शब्द तिथेच आहे, तेव्हा ती पक्की हमी समजू नका.

जिथे ही सेवा कमी पडते

2023 च्या पहिल्या नेमणुकांत प्रत्येक समितीत एक पदसिद्ध अध्यक्ष आणि दोन स्वतंत्र सदस्य होते. अध्यक्ष गृह, माहिती व प्रसारण, आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान या तीन मंत्रालयांकडचे. पहिल्या समितीचं अध्यक्षपद गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या प्रमुखांकडे होतं. हेच केंद्र सहयोग पोर्टल चालवतं, जिथून प्लॅटफॉर्मना मजकूर काढण्याच्या सूचना जातात. काढायला सांगणारं सरकारी केंद्र आणि काढल्याबद्दल दाद ऐकणारी समिती यांच्यात इतकी जवळीक असू नये. सदस्यांत निवृत्त पोलीस आणि नौदल अधिकारी, बँकिंग आणि आयटी क्षेत्रातली माणसं होती. अभिव्यक्तीच्या प्रश्नांवर काम केलेला निवृत्त न्यायाधीश किंवा संपादक अशा समितीत असायलाच हवा.

दुसरी उणीव जास्त गंभीर. समजा एखाद्याने तुमची पोस्ट काढावी म्हणून अपील केलं. त्या अपिलात तुम्हाला नोटीस द्यावी, तुमचं म्हणणं ऐकावं, असं समितीबद्दलच्या नियम 3ए मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. पक्ष दोनच: तक्रारदार आणि कंपनी. लिहिणाऱ्याची बाजू मांडायला कंपनी किती जीव तोडेल? तोंडी सुनावणीचा हक्कही लिहिलेला नाही. आदेश कारणांसह प्रसिद्ध करण्याचं बंधन समितीवर नाही. अंमलबजावणीचा अहवाल टाकायचा तो प्लॅटफॉर्मने आपल्या वेबसाइटवर. त्यामुळे मागच्या निकालांवरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या निर्णयांवर अपील ऐकणारं ओव्हरसाइट बोर्ड आलेल्या अपिलांतली मोजकीच घेतं, तिथे दाद लागण्याची आशा सामान्य माणसाने धरू नये. पण घेतलेल्या प्रकरणाची कारणं ते सविस्तर छापतं, लोकांचं म्हणणं मागवतं. एवढं तरी समितीने उचलावं.

सरकारच्या किंवा कोर्टाच्या आदेशाने मजकूर गेला असेल तर समितीकडे जाऊन वेळ घालवू नका, कारण तिथे कंपनीचा स्वतःचा निर्णय नसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69ए खालचे मजकूर बंद करण्याचे आदेश गोपनीय ठेवले जातात, त्यामुळे लिहिणाऱ्याला कारणही कळत नाही. तिथे उच्च न्यायालय हाच मार्ग. फेब्रुवारी 2026 पासून माहिती तंत्रज्ञान नियमांखालच्या सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशांवर अंमल करायला प्लॅटफॉर्मला 36 तासांऐवजी 3 तास मिळतात. तीन तासांत कुठलीही कंपनी आदेश तपासत बसणार नाही, आधी काढून मोकळी होईल. चुकीने जाणाऱ्या पोस्टची संख्या यामुळे वाढेल अशी आम्हाला खरी काळजी आहे. केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या सरकारी तथ्य-तपासणी कक्षाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला. उच्च न्यायालयात दाद मागणं खर्चिक असलं तरी ते दार बंद नाही, हे त्यावरून दिसतं.

सोबत काय वापरावं

जिवाला धोका असेल तर 112, आणि मग पोलीस ठाणं, अपील नंतर. नुसतं बोलण्यावरून तुमच्यावरच गुन्हा नोंदवला जात असेल, तर मार्च 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आठवण द्या. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा आरोपांत आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात म्हटलं आहे. ग्रुप अ‍ॅडमिनने घाबरू नये: दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा समितीपेक्षा आधी वापरा. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी प्लॅटफॉर्मकडे जातो. वय 18 पूर्ण हवं. लहानांसाठी टेक इट डाउन ही वेगळी सेवा आहे. फोटो बराच कापला-बदलला तर ठसा जुळत नाही, म्हणून फिरत असलेली प्रत्येक आवृत्ती वेगळी नोंदवा. सहभागी नसलेल्या साइटवर आणि कूटबद्ध चॅटमध्ये याचा उपयोग नाही.

आणि कुणाचाही मजकूर न काढता स्वतःचा बचाव करणारी साधनं विसरू नका. इन्स्टाग्रामवर "रिस्ट्रिक्ट" केलं की त्या माणसाच्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात. लपवायच्या शब्दांची यादी इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स आणि फेसबुक पेज सगळीकडे करता येते. शब्द देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये जितक्या स्पेलिंगने लोक लिहितात तितक्यांदा टाका, नाहीतर यादी असून नसल्यासारखी.

अपील जिंकल्यावर कंपनीला आदेश पाळावाच लागतो. नाही पाळला तर वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून कंपनीला मिळणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 खालचं संरक्षण धोक्यात येतं, आणि तुमच्या हातात उच्च न्यायालयात दाखवायला लेखी आदेश असतो. तोच मजकूर नव्या खात्यावरून परत आला तर जुन्या अपिलाचा धागा ओढत बसू नका. नव्या लिंकसह अधिकाऱ्याकडे नवी तक्रार टाका, सोबत जुन्या आदेशाची प्रत आणि त्याचा क्रमांक पहिल्याच ओळीत. परत लागलेली पोस्ट पुन्हा काढली गेली तरी क्रम हाच.